लष्कराचें वाणसामान

महिन्याच्या आरंभीं घरोघर वाणसामानाची यादी तयार होते. तांदूळ कोणता घ्यावा, तूरडाळ किती, तेल कोठल्या दुकानाचें, हें जी गृहिणी ठरविते, तीच तो भात शिजविते आणि घरच्या माणसांबरोबर जेवावयास बसते. डाळींत खडे निघाले, तर तें दुपारच्या पानावरच कळतें आणि दिवेलागणीच्या आंत वाण्याच्या कानांवर जातें. पैसे देणारा, माल पारखणारा आणि जेवणारा हीं सर्व माणसें एका छपराखालीं असल्यामुळें घरच्या खरेदीला निराळा तपासनीस लागत नाहीं. वाणी फारच लबाड निघाला, तर पुढच्या महिन्यांत पिशवी शेजारच्या दुकानांत जाते.

लष्कराच्या वाणसामानाची गोष्ट इतकी सरळ नाहीं. तेथें पैसे सरकार देतें, म्हणजे कर भरणारे सर्व नागरिक देतात. खरेदी एखादा अधिकारी करतो. माल कंत्राटदार पुरवितो. आणि जेवतो तो शिपाई. त्याला भाव ठाऊक नसतो, आणि दुकान बदलण्याची मुभाही नसते. या चौघांमधील अंतर कसें कमी करावें, हा प्रत्येक राष्ट्राच्या सैन्यापुढील फार जुना प्रश्न आहे. निरनिराळ्या सैन्यांनीं त्याला निरनिराळीं उत्तरें दिलीं. आणि प्रत्येक उत्तराची किंमत अखेर शिपायाच्याच पोटानें मोजली.

पहिलें उत्तर म्हणजे विकत न घेणें. जेथें तळ पडेल, तेथील शेतांतून आणि कणग्यांतून उचलावें, ही रीत दिसावयास स्वस्त. परंतु ती किती महाग पडते, हें शिवछत्रपतींनीं आपल्या अधिकाऱ्यांना अगदीं घरगुती भाषेंत समजावून दिलें होतें. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणींतील अधिकाऱ्यांना लिहिलेलें त्यांचें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्याचा आशय असा : पावसाळ्यासाठीं दाणा आणि वैरण यांची बेगमी केली आहे; ती आज बेहिशेबी उधळली, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं आणि घोडीं मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या दारीं जातील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असें झालें म्हणजे रयत घरेंदारें सोडून जाईल, आणि मोगल परवडला पण हे नकोत असें म्हणूं लागेल. म्हणून शिपायाला जें हवें तें त्यानें बाजारांतून दाम देऊन घ्यावें, अशी ताकीद त्या पत्रांत आहे. दयाबुद्धीबरोबरच या आज्ञेंत उत्तम हिशेबही आहे. ज्या कुणब्याला आज दाम मिळाला, तोच उद्यां पुन्हां बाजारांत धान्य आणतो. ज्याला लुटलें, तो पुढच्या वर्षीं पेरीतच नाहीं.

रोख दामाची रीत कितीही चांगली असली, तरी तिला दोन गोष्टी लागतात : गांठीला पैसा आणि बाजाराकडे जाणारी मोकळी वाट. इ. स. १७६० च्या उत्तरार्धांत उत्तरेंत गेलेल्या मराठी फौजेला या दोन्हींची वाण पडली. दिल्लींत दिवाण-इ-खासाच्या छताचें रुपें काढून त्याचीं नाणीं पाडण्यापर्यंत सदाशिवरावभाऊंवर पाळी आली होती. पुढें पानिपतास तळ पडल्यावर अब्दालीनें वाटा रोखल्या. रसद आणि द्रव्य पाठविण्याचा भार ज्यांच्यावर होता, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्यें मारले गेले. फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा मोठा समुदाय होता, आणि त्या सर्वांचीं तोंडें त्याच कोठारावर अवलंबून होतीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं जी फौज मैदानांत उतरली, ती उपाशी होती. पानिपताची चर्चा करतांना तोफा, गोलाची लढाई आणि सेनापतींमधील मतभेद यांविषयीं पुष्कळ बोललें जातें. कोठी रिकामी झाली होती ही गोष्ट मात्र एखाद्या वाक्यांत उरकली जाते.

पानिपतानंतर चाळीस वर्षांनीं दख्खनमध्येंच एका इंग्रज सेनापतीनें या विषयाचे धडे गिरविले. १८०३ सालच्या युद्धांत शिंदे आणि भोसले यांच्याविरुद्ध असई व अडगांव येथें लढलेला आर्थर वेलस्ली हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला. त्या काळच्या त्याच्या पत्रव्यवहारांत बैल आणि तांदूळ यांचा उल्लेख वारंवार येतो. त्या वेळीं दख्खनमध्यें धान्याची वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे असे. हजारों बैलांवर गोणी लादून हे लोक फौजांच्या मागोमाग जात आणि तळावर धान्य विकीत. ते कोणाचे चाकर नव्हते. जेथें भाव आणि अभय मिळे, तेथें ते जात. म्हणून त्यांना वेळेवर पैसे देणें आणि त्यांच्या बैलांचें रक्षण करणें हें सेनापतीचें काम होऊन बसे.

पुढें स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत नेपोलियनच्या सेनापतींशीं गांठ पडली, तेव्हां त्यानें हीच रीत चालविली. फ्रेंच सैन्यें मुलखावर जगत. इंग्रज सैन्य रोकड किंवा हुंडी देऊन धान्य घेई. हुंड्या थकत, शिपाई लूटही करीत. परंतु नियम खरेदीचा होता आणि तो मोडणाऱ्यास शिक्षा होती. १८१० च्या अखेरीस सेनापति मासेना याची फ्रेंच फौज लिस्बनपुढील तटबंदीसमोर येऊन थांबली. भोंवतालचा मुलूख आधींच ओसाड करून ठेवला होता. लुटावयास कांहीं उरलें नाहीं, तेव्हां ती फौज उपासमारीनें खंगली आणि मार्च १८११ मध्यें मागें फिरली. उलट १८१३ सालच्या शेवटीं वेलिंग्टन प्रत्यक्ष फ्रान्समध्यें शिरला, तेव्हां तेथील शेतकरी आपण होऊन त्याच्या तळावर माल विकावयास येऊं लागले. शत्रूचा शेतकरी आपल्या बाजारांत येतो, याहून रोख दामाची मोठी शिफारस कोणती असणार ?

मग प्रश्न असा येतो कीं, पैसा आहे, वाटही मोकळी आहे, तरी शिपाई उपाशी राहूं शकतो काय ? क्रिमियाच्या युद्धानें याचें उत्तर दिलें. १८५४ च्या हिवाळ्यांत सेवास्तोपोलच्या वेढ्यांत असलेल्या इंग्रज सैन्याचें अन्नखातें लष्कराच्या हाताखालीं नव्हतें. आरंभीं तें लंडनमधील खजिन्याच्या मुलकी कारकुनांच्या ताब्यांत होतें, आणि काटकसर हें त्या खात्याचें मुख्य व्रत होतें. शिपायांना कॉफी मिळाली, पण ती कच्च्या हिरव्या बियांची. भाजावयास सरपण नाहीं आणि दळावयास जातें नाहीं. रक्तपितीवर (स्कर्व्हीवर) गुणकारी असा लिंबाचा रस डिसेंबरांत बालाक्लावाच्या बंदरांत येऊन पडला. तो नित्याच्या शिध्यांत वाटावा असा हुकूम फेब्रुवारीपर्यंत निघाला नाहीं. बंदर आणि छावणी यांमध्यें अंतर अवघ्या कांहीं मैलांचें. परंतु ओझीं वाहणारीं जनावरें वैरणीवांचून मरत होतीं आणि रस्त्याचा चिखल झाला होता. मॅकनील आणि टलक या दोघांनीं १८५५ मध्यें केलेल्या चौकशींत हा सर्व प्रकार उघडकीस आला. माल विकत घेतला गेला होता. तो खाणाऱ्याच्या तोंडीं पडेल याची जबाबदारी मात्र कोणा एकाची नव्हती. पुढें १८८८ मध्यें इंग्रजांनीं अन्नपुरवठा आणि वाहतूक ही दोन्ही कामें गणवेशांतील एकाच दळाकडे सोंपविलीं, आणि त्याला आर्मी सर्व्हिस कोअर हें नांव दिलें. भारतीय सैन्यांतील त्याच नांवाचें दळ आजही हें काम करतें.

आतां कंत्राटाकडे वळूं. निविदा मागवाव्या आणि सर्वांत कमी भाव सांगेल त्याला काम द्यावें, हा नियम निर्दोष वाटतो. १८४५ पासून इंग्रजी आरमाराला डब्यांतील मांस पुरविणारा स्टीफन गोल्डनर हा या नियमाचाच लाभ घेणारा होता. त्याचा भाव कमी होता, कारण त्याचा कारखाना दूर मोल्डेव्हियांत होता आणि तेथें जनावरें स्वस्त होतीं. १८५२ च्या आरंभीं गॉस्पोर्टच्या कोठारांत त्याचे डबे फोडून पाहिले, तेव्हां त्यांतील बहुतेक माल कुजलेला आढळला. डबा ही वस्तु अशी आहे कीं, ती उघडल्याशिवाय पारखतां येत नाहीं, आणि उघडली कीं टिकत नाहीं. अशा मालाच्या खरेदींत भावापेक्षां कारखान्यावरची देखरेख अधिक महत्त्वाची, हा धडा त्या आरमारानें घेतला आणि पुढें डेप्टफर्ड येथें स्वतःचाच कारखाना काढला.

अमेरिकेला हाच धडा १८९८ मध्यें मिळाला. स्पेनशीं युद्ध जुंपलें, सैन्य एकाएकीं वाढलें, आणि अन्नखात्यानें शिकागोच्या मोठ्या मांसव्यापाऱ्यांकडून डबाबंद मांस प्रचंड प्रमाणांत घेतलें. क्यूबाच्या उष्ण हवेंत तें मांस शिपायांना घशाखालीं उतरेना. मांसांत रसायनें मिसळलीं आहेत, असा जाहीर आरोप खुद्द सेनापति माइल्स यांनीं केला. चौकशींत रसायनांचा आरोप सिद्ध झाला नाहीं. परंतु पुरेशी परीक्षा केल्यावांचून एवढा माल घेतल्याबद्दल अन्नखात्याच्या प्रमुखावर ठपका आला. या प्रकरणाचा गवगवा जनतेच्या मनांत राहिला. १९०६ मध्यें मांसतपासणीचा कायदा झाला, त्यामागें असलेल्या लोकमताला शिपायांच्या या अनुभवाचीही जोड होती.

तपासनीस नेमला म्हणजे भागलें, असेंही नाहीं. जून १९०५ मध्यें रशियाच्या पोटेमकिन या युद्धनौकेसाठीं ओडेसाच्या बाजारांतून मांस आणलें. त्यांत अळ्या आहेत अशी खलाशांनीं तक्रार केली. नौकेच्या डॉक्टरनें तें पाहून खाण्यास योग्य ठरविलें. त्यानंतर जें बंड झालें, तें जगाला ठाऊक आहे. त्या बंडाचीं मुळें खोल होतीं हें खरें. पण तपासणारा जर खाणाऱ्याच्या पंक्तीचा नसेल, तर त्याच्या दाखल्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं, एवढें या प्रसंगावरून दिसतें.

खाणारा कोण आहे, हें विसरूनही भागत नाहीं. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें जनरल टाउनशेंड यांची फौज ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडली. तींत महाराष्ट्रांतून भरती झालेल्या मराठा पलटणीही होत्या. गांवांत धान्य किती आहे, याचा पहिला अंदाज चुकला. तो फारच कमी धरला गेला, आणि त्यामुळें सुटकेसाठीं येणाऱ्या फौजेनें घाईनें हल्ले करून मोठी हानि सोसली. नंतर घरांची झडती घेतल्यावर जवाचा मोठा सांठा सांपडला. शेवटीं घोड्याचें मांस हाच आधार उरला, तेव्हां पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्मभावनेमुळें तें नाकारलें. धर्मगुरूंची अनुज्ञा तारेनें मागविली गेली, पण तोंवर माणसें खंगलीं होतीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं ती फौज शरण गेली. कोठाराची मोजदाद आणि खाणाऱ्याचा आचार या दोन गोष्टी युद्धाच्या आधीं पाहिल्या नाहींत, तर तोफांच्या गडगडाटांत त्या पाहतां येत नाहींत.

आतां अलीकडच्या काळांतील रीती पाहूं. अमेरिकेनें १९९० नंतरच्या दशकांत आपल्या मोठाल्या कोठारांवरचा भार कमी केला. एका प्रदेशासाठीं एक मुख्य पुरवठादार ठरवावयाचा, आणि त्यानें आपल्या व्यापारी कोठारांतून थेट सैनिकांच्या भोजनगृहांना माल पोंचवावयाचा, अशी ही पद्धति आहे. शिवाय सैन्यासाठीं घेतलेलें अन्न स्वदेशांत पिकलेलें असावें, असा १९४१ पासूनचा कायदा तेथें आहे. परदेशांतील तळांवरच्या नाशवंत मालाला त्यांतून सूट मिळते. या पद्धतींत माल पडून सडत नाहीं आणि कोठाराचा खर्च वांचतो. पण पुरवठादार एकच असला कीं त्याचा शब्द हाच भाव होतो. अफगाणिस्तानांतील अमेरिकन सैन्याला २००५ पासून अन्न पुरविणाऱ्या सुप्रीम या कंपनीनें मधें दुसरी एक कंपनी उभी करून भाव फुगविल्याचें डिसेंबर २०१४ मध्यें न्यायालयांत कबूल केलें, आणि दंड व भरपाई मिळून सुमारें ३९ कोटी डॉलर भरण्याचें मान्य केलें.

रशियांत याहून विचित्र प्रकार घडला. येवगेनी प्रिगोझिन हा भोजनगृहांचा धनी सैन्याच्या अन्नाचा मोठा कंत्राटदार बनला. आणि त्याच माणसाची भाडोत्री फौजही होती. जून २०२३ मध्यें त्यानें बंड केलें. तें मोडल्यावर खुद्द राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनीं सांगितलें कीं, त्याच्या कंपनीनें सैन्याला अन्न पुरवून एका वर्षांत ८० अब्ज रूबल मिळविले होते. कोठीची किल्ली आणि तलवार एकाच खासगी माणसाच्या हातीं दिली, म्हणजे काय होतें, याचा हा नमुना.

त्याच वर्षाच्या जानेवारींत युक्रेनमध्यें अंड्यांवरून वादळ उठलें. किएव्हच्या दुकानांत जें अंडें सुमारें ७ ह्रिव्नियांस मिळत होतें, त्याचा भाव संरक्षण मंत्रालयाच्या करारांत १७ लिहिलेला होता, हें एका पत्रकारानें उजेडांत आणलें. तो करार १३ अब्ज ह्रिव्नियांहून मोठा होता. अंडीं नगावर मोजावयाचीं कीं वजनावर, यांत लेखनिकाची चूक झाली, असा खुलासा मंत्रालयानें केला. तरी उपमंत्र्यास राजीनामा द्यावा लागला. तेथें दर माणशीं दर दिवसाचा एक आंकडा ठरे आणि त्याच्या पोटांत जिनसांचे भाव बसविले जात. एकूण बेरीज बरोबर दिसे. परंतु रोज लागणारी जिन्नस महाग आणि क्वचित् लागणारी स्वस्त लावली, तर नफा कोठें गेला हें वरवर पाहणाऱ्यास कळत नाहीं. घरांत जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणीच्या नजरेंतून ही युक्ति सुटली नसती. युद्ध चालू असतांनाही त्या देशानें अन्नासारख्या मालाचे भाव प्रसिद्ध करण्याचा कायदा केला, आणि खरेदीचें काम पुढें एका स्वतंत्र सरकारी संस्थेकडे दिलें.

भारतीय सैन्याची रीत मिश्र आहे. गहूं आणि तांदूळ अन्न महामंडळाकडून येतात. डाळ, तेल, साखर, चहा असा टिकाऊ माल संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी संस्थेमार्फत मध्यवर्ती रीतीनें घेतला जातो. भाजी, फळें, मांस यांचीं कंत्राटें छावणीच्या आसपास, त्या त्या ठिकाणीं होतात. मांसाहारी आणि शाकाहारी यांचा शिधा वेगळा असतो. सियाचिनसारख्या उंच ठाण्यांसाठीं निराळी यादी असते. आणि १९६१ मध्यें म्हैसूर येथें स्थापन झालेली संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा टिकाऊ व तयार खाद्यांवर संशोधन करीत आली आहे. कुत येथें जें शिकावें लागलें, त्याचा ठसा या याद्यांवर दिसतो. दुधाच्या बाबतींत तर सैन्यानें विकत घेण्याऐवजीं स्वतःचे गोठेच काढले होते. पहिला गोठा १८८९ मध्यें अलाहाबादेस निघाला. पुण्याजवळ पिंपरीसही असा गोठा होता. पुढें सहकारी दूधसंघ उभे राहिले, बाजारांत चांगलें दूध मिळूं लागलें, आणि १३२ वर्षांनीं, ३१ मार्च २०२१ रोजीं, हे गोठे बंद झाले. स्वतः पिकवावें कीं विकत घ्यावें, याचें उत्तर बाजार किती विश्वासू आहे यावर ठरतें, हें यावरून दिसून येईल. २०२३ मध्यें अर्ध्या शतकाहून अधिक काळानें ज्वारी, बाजरी, नाचणी यांसारखीं भरड धान्यें शिध्यांत परत आलीं, तीही खाणाऱ्याच्या संवयीची आठवण ठेवूनच.

दोष येथेंही आढळले आहेत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं सैन्याच्या शिधापुरवठ्याची खास तपासणी करून २०११ मध्यें संसदेपुढें अहवाल ठेवला. कंत्राटांत पुरेशी स्पर्धा नाहीं, आणि ठरलेली मुदत उलटलेला माल मुदत वाढवून वापरला जातो, असे स्पष्ट शेरे त्यांत होते. असा अहवाल वर्तमानपत्रांत आला, म्हणजे आंकड्यांना कंटाळून पान उलटण्याचा मोह होतो. परंतु घरच्या जमाखर्चाच्या वहीइतकाच तो घरचा आहे. कारण पैसा प्रत्येक घराचा आहे, आणि जेवणारा कोणत्या ना कोणत्या घरचा मुलगा आहे.

एवढा फेरफटका केल्यावर श्रोत्यांच्या ध्यानांत एक गोष्ट येईल. सरकारी खातें चांगलें कीं खासगी कंत्राटदार, एक पुरवठादार बरा कीं अनेक, या वादाला सर्व काळीं आणि सर्व देशांत लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. खातें क्रिमियांत निजलें, आणि कंत्राटदारानें गॉस्पोर्टला फसविलें. जेथें जेथें कारभार सुधारला, तेथें पैसे देणारा आणि जेवणारा यांमधील अंतर कोणी तरी कमी केलें होतें : कोठें जबाबदारी एका दळावर टाकून, कोठें भाव उघड्यावर मांडून, कोठें यादी करतांना शिपायाच्या घरचें ताट आठवून. कोणत्याही सैन्याच्या अन्नखात्याविषयीं विचारण्यासारखे प्रश्न अगदीं थोडे आहेत. विकत कोण घेतो ? तोलून कोण घेतो ? हिशेबाची वही कोणाला पाहतां येते ? आणि ज्यानें माल योग्य म्हणून सही केली, तो त्या दिवशीं कोणत्या पंक्तींत जेवला ?